बाराव्या दिवसाचं पाणी

मी गुंड बोलतोय. आमच्या वऱ्हाडात पाण्याच्या मोठ्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. पोट फुगीर, मान आखूड, काठ जाड. लग्नाच्या मांडवात तुम्ही माझे भाऊबंद पाहिले असतील. पण तुमचं मन रमवायला मी बोलत नाही. मला सूड हवा आहे. भांड्याला हात नसतात, म्हणून तोंड उघडलंय.

घरातल्या बायांनी मला आयुष्यभर चिंच आणि राख लावून घासलं. बाहेरून मी आरशासारखा होतो. आत जे साचत गेलं, ते चिंचेनं निघत नाही.

माझा जन्म नांदुऱ्याचा. मालगाडीनं पितळेचा पत्रा उतरे आणि स्टेशनाच्या मागच्या आळीत दिवसभर ठोकाठोक चाले. पुंजाजी तांबटानं मला घडवलं. वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा; मग झाळ देऊन दोन्ही सांधले. शेवटी त्यानं मला उलटं घातलं, बुडावर टिचक्या मारल्या आणि कान लावून आवाज ऐकला. लोक भांड्याचा काठ बघून भाव करतात, पण भांडं टिकतं ते बुडावर. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

देऊळघाटचा उकंडराव पाटील तेव्हा नुकतं लग्न झालेला तरणाबांड गडी होता. बापाबरोबर कापसाची गाडी घेऊन नांदुऱ्याला आला होता. त्याला मी अहोजाहो करणार नाही. ज्याला करावंसं वाटेल त्यानं करावं. बहिणीच्या लग्नाच्या पंगतीसाठी त्यांना मोठं भांडं हवं होतं. पुंजाजीनं मला दाखवलं आणि स्वच्छ सांगितलं, "पाटील, हा ठेवाचा गुंड हाये. एका जागी मांडा, तांब्यानं पाणी काढा. डोक्यावर मिरवाचा नाही हा."

उकंडराव हसला. "काऊन? आमच्या घरच्या बाया काय मातीच्या हायेत?"

माझी कहाणी ह्या एका हसण्यातून सुरू होते.

देऊळघाटात बाळंतीण बाराव्या दिवशी विहीर पुजते. विहिरीला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि परत येताना तांब्याभर पाणी घरी आणायचं. तांब्याभर. त्यानंतर घरातल्या पाण्याला हात लावायची तिला मोकळीक. रीत एवढीच, आणि ती वाईट नाही. बाराव्या दिवशी बाईला जरा ऊन लागतं, चार बाया भेटतात.

उकंडरावाची बायको गोजरबाई बाळंत झाली, मुलगा झाला. त्याचं नाव उत्तम. बारशाच्या आदल्या दिवशी चावडीवर कुणीतरी आपल्या सुनेच्या ताकदीची बढाई मारली. उकंडरावाला ती सहन झाली नाही. तो म्हणाला, "आमच्या घरची बाई बाराव्या दिवशी नांदुऱ्याचा गुंड भरून आणते. काठोकाठ. पाह्याले या."

लोक पाहायला आले. पुढे त्या घरात सगळे म्हणू लागले, "आमच्यात रीतच हाये तशी, आजेसासऱ्यापासून." मी तिथे होतो. ती रीत नव्हती. एका माणसाची चावडीवरची फुशारकी होती. आणखी किती रितींचं मूळ असंच निघेल, हे शोधायला जाल तर गावोगाव तोंडं काळी होतील.

गोजरबाईनं मला डोक्यावर घेतलं. खाली चुंबळ, वर मी, आणि माझ्यात काठापर्यंत पाणी. डोक्यावर बसलेल्या भांड्याला बाईची चाल जेवढी कळते तेवढी तिच्या नवऱ्यालाही कळत नाही. मारुतीच्या देवळापर्यंत ती सरळ चालली. देवळापुढच्या चढावर तिच्या पोटाखाली काहीतरी ढळलं. पाय फाकले, पावलं आखूड झाली. तिनं ओठ चावला आणि घर गाठलं. त्या दिवसापासून गोजरबाई पाटावर एका कुशीनं टेकून बसू लागली, शिंक आली की भिंतीला धरू लागली. हसायची मात्र ती कायमची थांबली. हसलं की लुगडं ओलं होई. कुणाला एक अक्षर बोलली नाही. लोक म्हणत, पाटलीणबाई भारी कडक.

वच्छला त्या घरात सून म्हणून आली ती रोहिणखेडहून. उत्तमरावाची बायको. हसरी पोर. विहिरीवर मला ओढून घेताना मैत्रिणींना म्हणायची, "हा गुंड नाही वं, हा माहा दुसरा सासरा हाये. पोट पाह्य याचं!" बाया खिदळत. माझ्या पोटावरून आयुष्यात कुणी विनोद केला असेल तर तिनंच, आणि मला तो आवडला होता.

दिवाळी झाली आणि वच्छला बाळंत झाली. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. मुलगी झाली. कापसाची वेचणी ऐन भरात होती, घरात माणूस उरलं नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी गोजरबाईनं मला तिच्यापुढं आणून ठेवलं.

"आत्याबाई," सासूला ती असंच म्हणे, "आंग लय जड वाटून राह्यलं. तांब्याच आणू का?"

"म्या आणला होता हा. मले कोनं ईचारलं होतं का जड वाटते का हलकं?"

बाहेर ओट्यावर उकंडराव पाहुण्यांना सांगत होता, "पोरगी झाली म्हून काय झालं? गुंड तोच!"

त्याच वाटेनं, त्याच देवळापुढच्या चढावर, वच्छलाचीही चाल मोडली. मला ती जागा ओळखीची झाली होती. मला पडता आलं असतं. कलंडलो असतो, सांडलो असतो, गावभर हसू झालं असतं, पण तिच्या मानेवरचं ओझं उतरलं असतं. भांड्याला स्वतःहून कलंडता येत नाही. माझा राग तिथून सुरू होतो.

उकंडराव चावडीवर मिशीवर हात फिरवत म्हणाला, "एक थेंब नाही सांडला!"

थेंब सांडला नाही. सांडलं ते दुसरंच.

महिनाभरात वच्छलाला लघवी आवरेना. खोकली की ओली, उठली की ओली. दुपारपर्यंत उभी राहिली की खाली काहीतरी उतरून दाराशी आल्यासारखं वाटे, जसं काही ती गोळ्यावर बसली आहे. बाया त्याला 'अंग खाली येणं' म्हणतात, आणि म्हणतात ते फक्त एकमेकींच्या कानात. ती फडकी धुवायची आणि गोठ्यामागच्या काट्यांवर वाळत घालायची. मग वास येतो म्हणून तिला देवघरात बंदी झाली. मग चुलीजवळ. शेवटी गोजरबाईनं तिचं अंथरूण उचललं आणि गोठ्यालगतच्या पडवीत फेकलं. लेकरू पाजायला तेवढं आत यायचं.

उत्तमराव ह्या सगळ्यात कुठे होता? तिथेच होता. जेवत होता. वाईट माणूस नव्हता, असं लोक सांगतील. वाईट नसणं एवढ्यावरच माणूस सुटतो, असं मला वाटत नाही. बायकोचं अंथरूण गोठ्याकडे गेलं त्या दिवशी तो शेताकडे गेला.

आणि उकंडराव? वऱ्हाडावर नागपूर कसा अन्याय करतं, मध्यप्रांताच्या गळ्यात आम्हाला उगाच कसं बांधलं, यावर तो चावडीवर सबंध सकाळ बोलू शके. स्वतःच्या पडवीत काय बांधलंय ते त्यानं वाकून पाहिलं नाही.

पौषात मी गळायला लागलो. बुडाजवळची झाळ सुटली. ती आपसूक सुटली की मी सोडली, हे मला विचारू नका.

काय धावपळ उडाली! "अरे, गुंड गळून राह्यला!" उकंडराव अंगणातून ओरडला. "ठेवू नका त्याच्यात पाणी! उद्याच्या उद्या बुलढाण्याले न्या. चांगल्या कासाराकडे न्या, ऐऱ्यागैऱ्याकडे नोको." गोजरबाईनं मला कोरडं केलं, पोत्यात गुंडाळलं. गळणारं पितळ पोत्यात, आणि गळणारी सून गोठ्यात. मी हे डोळ्यांनी पाहिलं, भांड्याला डोळे असतात असं धरून चाला.

दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली. वाटेत मला पोचा येऊ नये म्हणून कुणीतरी मांडीवर धरून बसायला हवं होतं. वच्छला वेचणीच्या कामाची उरली नव्हती, म्हणून लेकरू घरी ठेवून तिला बसवलं. गोजरबाईनं बजावलं, "हातातून सोडू नोको त्याले." तिचा शब्द वच्छलानं पाळला, आणि म्हणूनच पुढचं सगळं मला सांगता येतंय.

बुलढाण्यात कासार जेवायला गेलेला. उत्तमराव बैल सोडून हॉटेलात बसला. वच्छला मला कडेवर घेऊन उभी. समोरून दोन बाया लेकरं घेऊन सरकारी दवाखान्याकडे निघाल्या होत्या. ती त्यांच्या मागं चालू लागली. नवऱ्याला विचारलं नाही. त्या घरात आल्यापासून न विचारता टाकलेलं तिचं हे पहिलं पाऊल.

दवाखान्यात बायकांच्या बाजूला अन्नपूर्णाबाई नावाच्या नर्सबाई होत्या. नागपूरला शिकून आलेल्या, मोठ्या आवाजाच्या, कपाळावर घामाचे थेंब. मला पाहून म्हणाल्या, "हे काय वं माय? औषध इतकं लागते का तुले?"

बाया हसल्या. वच्छलाही हसायला गेली आणि मटकन खाली बसली, लुगडं घट्ट धरून. अन्नपूर्णाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी बाकीच्यांना बाहेर पिटाळलं, पडदा ओढला आणि मला पडद्याच्या काठाशी ठेवलं. तपासून झाल्यावर हात धुता धुता त्या म्हणाल्या, "बाराव्या दिवशी काय उचललं होतं?"

"हाच."

"भरलेला?"

"काठोकाठ."

अन्नपूर्णाबाईंनी अशी काही शिवी दिली की ती इथे लिहिता येणार नाही. मला ती ओवीसारखी गोड लागली.

मग त्यांनी मला उचललं, उलटं केलं. "हे पाह्य. याचं बूड गळून राह्यलं, दिसते ना? बाईच्या पोटालेबी बूड असते. पण ते पितळेचं नाही. ते मासाचं हाये, झोळीसारखं. पुढच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत ताणलेलं. त्याच्यावर गर्भाची पिशवी बसली, लघवीची थैली बसली, सगळं बसलं. बाळंतपणात ती झोळी ताणली जाते. तिले आराम पाह्यजे, हळूहळू पुन्हा आवळाले वेळ पाह्यजे. तुमी तिच्यावर गुंड ठेवला."

"मंग आता? कासार नाही ना याले," वच्छला म्हणाली. रडत नव्हती. विचारत होती.

"कासार तूच. ऐक. निजाचं, कमरेखाली गोदडीची घडी घ्याची. लघवीची घाई लागली आन दारात सासरा उभा हाये, तवा कशी आवरून धरतं?"

वच्छला लाजली.

"तसंच. पुढून आन मागून, दोन्हीकून आवळाचं आन आत वर ओढाचं. कळशी विहिरीतून वर येते तशी, धीरानं. पोट फुगवाचं नाही, मांड्या दाबाच्या नाही, दम कोंडाचा नाही. जरा धर. मंग सोड. पुरी सोड. सोडणं इसरली तं आवळणं फुकट."

"लघवी करता करताच केलं तं?"

"एकडाव समजाले ठीक हाये. रोज नाही. आन खोकला येईन, शिंक येईन, लेकरू उचलशीन, त्याच्या आधी आवळ. उचलताना दम सोडत उचल. परसाकडे कुंथू नोको, भाजीपाला खा, पाणी पी. गळते म्हून पाणी तोडतं ना तू? मले माहीत हाये. सगळ्याच तोडतात." मग त्यांनी मला खाली ठेवलं. "खोटं नाही सांगत. अगदी पहिल्यासारखं होईनच असं नाही. पण तुहं फार खाली नाही आलं. गळणं राहीन, जडपणा कमी होईन. महिने लागतीन. फरक नाही पडला तं परत ये, रबरी कडी बसवून देतो आतून आधाराले."

"आन हा?" वच्छलानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"रिकामा घास. भरला उचलाचा नाही. जल्मात नाही."

कासारानं मला झाळून दिलं. परतीच्या वाटेवर उत्तमरावानं विचारलं, "कुठी गेली होतीस?"

"पाणी पेवाले," वच्छला म्हणाली. आणि तिनं मला मांडीवर जरा सैल धरलं, पोचा आला तर येवो म्हणून.

घरी आल्यावर मला घासायचं काम तिच्याकडेच राहिलं आणि मी पडवीच्या कोपऱ्यात आलो. त्यानंतर तिथे, कोंबडं आरवायच्या सुमारास, ती पोत्याची घडी कमरेखाली घेऊन निजे. बाजूला म्हैस रवंथ करी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, आळशी बाई पडून राहिलीय. तिच्या तोंडाकडे पाहिलं तर कळे. आधी भुवया आवळायची, दात आवळायची. जिथं आवळायचं तिथं काही होईना. "कुठी हाये वं ते, सापडतच नाही," असं ती म्हशीला म्हणाली होती. मग एक दिवस सापडलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते हरवलेली चावी सापडल्यावर येतं तसं.

पुढे ती बसून करू लागली, शेण काढताना, दूध काढताना. थकली की सोडून देई. फडकी कमी झाली. फाल्गुनात ती शिंकली आणि चमकून खाली पाहिलं. कोरडं. तिनं मुद्दाम पुन्हा नाकात काडी घातली आणि पुन्हा शिंकली. मग एकटीच तोंडावर पदर धरून हसत बसली. हसूनही कोरडी.

पण घरात तोवर दुसरंच शिजत होतं. मोताळ्याकडचे किसनराव नावाचे एक गृहस्थ उपवर मुलीचे बाप होते. उकंडरावानं त्यांच्याशी बोलणं लावलं होतं. उत्तमसाठी दुसरी बायको. बिघडलेली सून माहेरी पाठवायची आणि लेकरू इथंच ठेवून घ्यायचं.

गोजरबाईनं पडवीत येऊन ते सांगितलं. दारातच उभी राहिली, एका हातानं चौकट धरून. "आखाजीले पाहुणे येऊन राह्यले. तुहे मामाजी म्हणतात, चांगली झाली असशीन तं त्या दिवशी पितराईचं पाणी गुंडानं आण, साऱ्याईच्या देखत. मंग सोयरीक मोडतो. नाही तं रोहिणखेडची वाट धर."

मामाजी म्हणजे सासरा, आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. लहानशी, मातीची. ह्या घरात तीही चावडीवर मोजून घ्यायची होती.

"आन लेकरू?" वच्छलानं विचारलं.

"लेकरू घरचं हाये."

न्याय बघा ह्यांचा. ज्या ओझ्यानं बाई मोडली, ती बरी झाली का हे तपासायला तेच ओझं! मी उचलला गेलो तर महिन्यांची मेहनत एका चढावर जाणार. नाही उचलला तर पोर जाणार. मला पडवीच्या कोपऱ्यात फुटावंसं वाटलं. पितळ फुटत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी उत्तमराव पडवीपाशी आला. "एकडाव आणून टाक ना," तो हळूच म्हणाला. "एकच डाव. मले नाही पाह्यजे दुसरी."

"तुमाले नाही पाह्यजे, तं तुमी सांगा ना बापाले."

"माहं ऐकतात का ते?"

"मंग माहं बूडच काऊन पाह्यजे दर डाव, तुमच्या बापाले उत्तर द्याले?"

उत्तमराव निघून गेला. ह्या वेळी शेताकडे नाही, अंगणातच उभा राहिला बराच वेळ. तेवढं मी त्याच्या नावावर जमा धरतो, त्याहून जास्त नाही.

आखाजीच्या सकाळी विहिरीवर माणसांची गर्दी. उकंडराव नवं पागोटं घालून विहिरीच्या कट्ट्यावर उभा. शेजारी किसनराव, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. उत्तमराव मागे. बायांच्या घोळक्यात गोजरबाई, हातात पूजेचं ताट. वच्छला आली. एका कडेवर रिकामा मी, दुसऱ्या हातात छोटी कळशी.

तिनं माझ्या मानेला दोराचा फास घातला आणि मला विहिरीत सोडलं. मी भरलो. दोघी बायांनी चाकावरून ओढून मला वर घेतलं आणि कट्ट्यावर टेकवलं. काठोकाठ. मग वच्छलानं कळशी भरली, दम सोडत उचलली आणि कमरेवर ठेवली.

"हा घ्या, भरला," ती म्हणाली. "ज्यायचे पितर त्याईनं न्यावा. मी कळशी नेतो. पितराईले तहान असन तं कळशीनंबी भागन."

बाया फिसकन हसल्या. उकंडरावाचा चेहरा माझ्यासारखाच पिवळा झाला आणि मग लाल. "पाह्यलं का किसनराव? म्हून म्हणत होतो मी, खराब हाये. आमच्या घरची रीत मोडून राह्यली!" तो बायांकडे वळला. "सांग ना वं इले! तू नेला होता का नाही हा गुंड, बाराव्या दिवशी?"

सगळ्यांचे डोळे गोजरबाईकडे गेले.

"नेला होता," ती म्हणाली.

"आन काय झालं तुले? सांग! काही झालं का?"

त्यानं हे विचारायला नको होतं. फुशारकीला सवय लागली की ती साक्षीदार उभा करते आणि साक्षीदार काय बोलेल ते आधी विचारत नाही. उभ्या आयुष्यात त्यानं बायकोला 'तुला काय झालं' हे विचारलं ते हे असं, चारचौघांत, विहिरीच्या कट्ट्यावर, स्वतःचा मोठेपणा सिद्ध करायला.

गोजरबाईनं ताट खाली ठेवलं.

"झालं," ती म्हणाली. "देवळापुढं झालं. उत्तम बारा दिसाचा होता. तवापासून फडकं बांधून हाओ मी. तुमच्या घरात, तुमच्या पानावर वाढताना, तुमच्या पाहुण्याईपुढं. हसत नाही मी, म्हून लोक मले कडक म्हणतात. तुमाले कधी मालूमच नाही पडलं. पडन कसं? तुमी थेंब मोजून राह्यले होते."

किसनरावांनी मान खाली घातली.

गोजरबाई माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही मला डोक्यावर घेते की काय. हिची जिद्द मला ठाऊक होती. तिनं माझ्या मानेचा फास सैल केला, दोर काढून बाजूला टाकला. मग दोन्ही तळहात माझ्या पोटावर ठेवून ढकललं.

मी आयुष्यात एवढा मोठा आवाज केला नव्हता. विहिरीच्या चारी भिंतींनी तो परत परत केला.

वरचं ऐकू येत होतं. उकंडराव "अरे गुंड, गुंड!" करत होता. किसनराव एवढंच म्हणाले, "पाटील, आमची पोरगी आम्हाले जड नाही झाली. ह्या घरात नाही द्याची." त्यांची काठी कट्ट्यावर एकदा वाजली आणि दूर गेली. मग वच्छलाची पावलं ऐकली. कळशी घेऊन जाणारी. लांब, सारखी, न मोडणारी पावलं. चढावरही.

सोयरीक मोडली ती मोडली. पुढचं मला पाण्याला येणाऱ्या बायांच्या बोलण्यातून कळलं. मुलगी आईजवळ राहिली, आणि वच्छलाचं अंथरूण घरात आलं. ते गोजरबाईनं उचलून आणलं नाही. उत्तमरावानं आणलं, बापाच्या देखत. उशिरा का होईना.

गोजरबाईला मी माफ केलं असं समजू नका. ज्या हातांनी मला ढकललं, त्याच हातांनी ते अंथरूण गोठ्याकडे फेकलं होतं. तिनं जे सोसलं ते तिनं पुढच्या बाईला सोसायला लावलं, आणि हे पाप सोसण्यानं धुतलं जात नाही.

विहिरीत आवाज फार छान उतरतो. आठवड्यानं दोघी पाण्याला आल्या होत्या. गोजरबाई इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "ते कसं करतं वं तू? निजून?"

वच्छला कळशी बुडवत राहिली. "काय कसं?"

"तेच. आवळून."

"सांगन कवा तरी. आता काम हाये."

दोन दिवस तिनं सासूला झुलवलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी सांगितलं. सगळं सांगितलं, सोडणं न विसरता. आणि म्हणाली, "तुमचं लय जुनं हाये आत्याबाई, नुसत्या आवळण्यानं नाही भागाचं. बुलढाण्याले जाऊ. नर्सबाईजवळ कडी हाये." मग वरून एक खरखरीत, गंजलेला आवाज आला. मी तो आधी ओळखला नाही. गोजरबाई हसत होती. वच्छलानं सांगितलेला, दारात उभा असलेला सासरा तिला आठवला होता; त्याच्याशिवाय हा व्यायाम समजावताच येत नाही.

उकंडरावानं मला सोडलं नाही. गळ टाकणारा माणूस बोलावला. लोखंडी आकडा माझ्या काठाला दोनदा लागला. पहिल्या वेळी मी वरपर्यंत गेलो, उजेड दिसला, उकंडरावाचं पागोटं दिसलं. माझा काठ वाकला, आकडा निसटला, मी परत खाली. दुसऱ्या वेळी मी कपारीखाली सरकलो. तो काठ मीच वाकवला की नाही, हेही मला विचारू नका. आयुष्यात एकदा तरी मला माझ्या मनासारखं पडता आलं.

आता मी इथे आहे. काळोख, गार पाणी, अंगावर गाळ. चिंच नाही, राख नाही. वरून दररोज कळश्या येतात, लहान लहान, भरून जातात. बाराव्या दिवशी एखादी बाळंतीण येते. तिच्या तांब्याचा आवाज मला ओळखू येतो. तांब्याभर पाणी पुरतं. विहीर कधी जास्त मागत नाही, पितरही मागत नाहीत. मागतो तो कट्ट्यावर उभा राहिलेला माणूस.

तुमच्याही गावात असा एक असेल, आणि त्याच्या घरात माझ्यासारखा एक घासूनपुसून ठेवलेला असेल. बायांनो, त्याला हात लावू नका. अंग जड वाटत असेल तर कानात कुजबुजू नका, मोठ्यानं बोला. आवळायला शिका, सोडायला शिका, नाही भागलं तर दवाखाना गाठा.

आणि मला वर काढायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर त्यानं आकडा पाठवू नये. स्वतः उतरावं, मला डोक्यावर घ्यावं आणि देवळापुढचा चढ चढून दाखवावा. मी वाट बघतोय. काठोकाठ.